व्हील हॉर्स सी-१२० बाग-ट्रॅक्टर: कोहलर के-३०१ इंजिनाचा रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) तुटून ब्लॉक फुटला. तेच इंजिन शोधावं की नवीन बसवावं?

परसदार (पेनसिल्व्हेनिया)

मंडळी, ट्रॅक्टर सत्तरच्या दशकातला व्हील हॉर्स सी-१२०, आठ गिअरवाला. इंजिन कोहलर के-३०१एस, एक सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर. उतारावर गवत कापताना आधी टकटक, मग एक दणका आणि इंजिन बंद. खाली ऑइलचं थारोळं. फ्लायव्हील हाताने अर्धा फेरा फिरतं आणि अडतं. कार्ब्युरेटरच्या बाजूला, खालच्या अंगाला ब्लॉकला अंगठा जाईल एवढं भोक आहे.

ट्रान्सअ‍ॅक्सल (मागच्या चाकांचा गिअरबॉक्स), गवत कापायचा ४२ इंची डेक, स्नो ब्लोअर सगळं शाबूत आहे, त्यामुळे ट्रॅक्टर भंगारात घालायचा नाही. जुनं के-३०१ शोधू, की प्रेडेटर ४२० किंवा होंडा जीएक्स-३९० सारखं नवीन बसवू? वायरिंग आणि पुलीचं काय करावं लागेल?

मिशिगनमिस्त्री

इंजिन शोधायच्या आधी फुटलेलं पूर्ण उघडा. कारण समजलं नाही तर दुसरंही त्याच वाटेने जाईल.

के-सिरीजमध्ये ऑइल पंप नाही. रॉडच्या टोपीखाली पळीसारखा डिपर असतो, तो दर फेऱ्याला संपमधलं (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं) ऑइल उडवतो आणि त्याच शिंतोड्यांवर सगळं चालतं. पातळी खाली गेली की आधी क्रँकपिन (क्रँकवरची रॉड बसायची जागा) कोरडा पडतो. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा, थेट पिनवर फिरणारा, आत वेगळं बेअरिंग नाही. अ‍ॅल्युमिनियम पिनला चिकटतं, रॉड तिथेच तुटतो आणि उरलेला तुकडा ब्लॉकला ठोसे मारत बाहेर येतो.

तीन गोष्टी बघा:

पहिली, खाली सांडलेल्या किंवा आत उरलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो का. कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टवर) चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ क्रँककेसमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि गंमत म्हणजे डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या पंपांचे पडदे लवकर जातात. कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई गळत असेल तरी हेच होतं.

दुसरी, गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारी यंत्रणा. या इंजिनाची मर्यादा ३६०० आरपीएम. कोणी स्प्रिंग दुसऱ्या भोकात अडकवली असेल किंवा लिंकेज तारेने बांधलं असेल तर रॉड त्याने गेलेला असू शकतो.

तिसरी, बॅलन्स गिअर. बऱ्याच के-३०१ मध्ये ब्लॉकच्या आत दोन वजनदार गिअर असतात, कंप कमी करायला. त्यांचे सुई बेअरिंग झिजले की गिअर हलायला लागतात आणि एक दिवस क्रँकमध्ये येतात. संपमध्ये गिअरच्या दातांचे तुकडे सापडले तर गुन्हेगार तोच.

आणि भोक नेमकं कुठे आहे त्याचा फोटो टाका. त्यावर सगळं अवलंबून आहे.

नांगरट (न्यू जर्सी)

काहीही फेकू नका! फ्लायव्हील, स्टेटर (चार्जिंगची कॉइल), स्टार्टर, कॉइल, कार्ब्युरेटर, पत्र्याची सगळी कव्हरं, गव्हर्नरच्या सळ्या आणि स्प्रिंगा, पुली, पीटीओ (डेक-ब्लोअरला ताकद देणारा क्लच). इंजिन विकत घेताना यातलंच काहीतरी कमी असतं.

परसदार

संप काढला. बॅलन्स गिअर जागेवर आहेत, दात शाबूत. ऑइल अगदीच थोडं, वास पेट्रोलचा नाही, जळकट आहे. रॉडचे तीन तुकडे. कॅमशाफ्ट ज्या पिनवर फिरतो त्या पिनचं एका बाजूचं बसायचं ठिकाण तुटून निघालंय. भोक तिथेच आहे. पिस्टनचा घागरा (खालचा घेर) एका बाजूने चिरलाय.

मिशिगनमिस्त्री

मग ब्लॉक गेला. नुसतं भिंतीला भोक असतं, बोअर आणि बेअरिंगच्या जागा सोडून, तर पितळी ब्रेझिंग करून पट्टी मारता आली असती. बिडाच्या ब्लॉकवर ते टिकतं, फक्त आधी पूर्ण गरम आणि नंतर राखेत किंवा वाळूत सावकाश थंड करायला हवं. कॅम पिनची जागा तुटली की पिन परत सरळ रेषेत आणणं म्हणजे जिग करून लाईन बोअरिंग (दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत कोरणं). या इंजिनासाठी ते परवडत नाही.

तुमचं कारण ऑइल कमी हेच दिसतंय. नवीन कुठलंही इंजिन लावा, दर वेळी सुरू करण्याआधी डिपस्टिक बघा. के-३०१ मध्ये दोनच क्वार्ट (जवळपास दोन लिटर) मावतात, त्यातलं अर्धा क्वार्ट कमी झालं आणि वर उतार आला की डिपरला पोचायला काही उरत नाही.

कास्टिंग_कोल्हापूर (शिरोली एमआयडीसी)

ब्लॉक गेला तरी क्रँक टाकू नका. दुसरा चांगला ब्लॉक मिळाला आणि त्याचा क्रँक झिजलेला निघाला तर हाच उपयोगी पडेल. क्रँकपिनवर अ‍ॅल्युमिनियम चिकटलेलं असेल. ते पॉलिश पेपरने घासून काढायला जाऊ नका, पिन गोल राहत नाही. कॉस्टिक सोड्याचं पाण्यातलं द्रावण फडक्याने पिनवर ठेवा. अ‍ॅल्युमिनियम फेसाळून विरघळतं, लोखंडाला काही होत नाही. बरेच जण म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड वापरतात, पण ते लोखंडालाही खातं आणि शेजारच्या बेअरिंगवर उडालं तर गंज धरतो. कॉस्टिकला हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा लागते, कारण निघणारा वायू हायड्रोजन आहे. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. झाल्यावर भरपूर पाण्याने धुऊन लगेच ऑइल लावा.

मग मायक्रोमीटर. या क्रँकचा पिन १.५०० इंचाचा. चार ठिकाणी मापा, आडवं आणि उभं, दोन्ही टोकांना. अर्ध्या थाउपेक्षा (०.०००५ इंच) जास्त लंबगोल असेल तर ग्राइंडिंग. अंडरसाईज रॉड ०.०१० इंचाने लहान पिनसाठी मिळतो, म्हणजे एकदाच ग्राइंड करायची मुभा आहे असं धरा.

परसदार

साहेब, इथे मशीन शॉपवाले एक सिलिंडर बोअर करायला घ्यायलाही नाखूश असतात. म्हणून प्रश्न आहे की जुनं चालू इंजिन घेऊन बसवणं बरं की नवीन.

नांगरट

माझं मत जुन्याच्या बाजूने, आणि ते भावनेपोटी नाही. के-२४१, के-३०१ आणि के-३२१ हे १०, १२ आणि १४ हॉर्सपॉवरचे सख्खे भाऊ आहेत. बाहेरून ब्लॉक तोच, फरक बोअर-स्ट्रोकमध्ये (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव). के-३०१ चा बोअर ३.३७५ इंच, स्ट्रोक ३.२५. के-३२१ चा बोअर ३.५०, स्ट्रोक तोच. के-३२१ मिळालं तर तुमच्या चेसिसवर चार बोल्टांत बसेल, पुली, पीटीओ, वायरिंग सगळं जसंच्या तसं. १६ हॉर्सपॉवरचं के-३४१ पण बसवतात, पण त्याचं डोकं (सिलिंडर हेड) मोठं, पत्रे वेगळे.

इंजिनावरच्या पट्टीवरची अक्षरं नीट वाचा. एस म्हणजे गिअरवाला इलेक्ट्रिक स्टार्टर. टी म्हणजे दोरीवालं. क्यू म्हणजे क्वाएट लाइन, कमी आवाजाचं. ए म्हणजे वेगळा ऑइल पॅन. के-३०१एक्यूएस दिसलं तर ते बहुतेक कब कॅडेटमधून (दुसऱ्या कंपनीच्या बाग-ट्रॅक्टरमधून) निघालेलं. कब कॅडेटमध्ये इंजिन लांबीच्या दिशेने बसतं, मागच्या शाफ्टला ताकद फ्लायव्हीलच्या बाजूने जाते आणि पुढे पीटीओ. तुमच्याकडे इंजिन आडवं, उजव्या बाजूला पट्टा. म्हणून कब कॅडेटचं इंजिन घेतलं तर फ्लायव्हील, पॅन आणि क्रँकचं पीटीओकडचं टोक मोजूनच घ्या.

पीटीओ बाजूच्या क्रँकचा व्यास आणि लांबी हे पहिलं माप. तुमचा शाफ्ट १-१/८ इंचाचा असणार. एक इंचाचा निघाला तर पुली आणि पीटीओ दोन्ही त्यावर ढिले बसतील.

सुगी

जुनं इंजिन विकत घेताना चांगलं की वाईट हे ओळखायचं कसं? विकणारा तर "मागच्या वर्षी चालू होतं" हेच म्हणतो.

नांगरट

त्याचं ऐकून घ्यायचं आणि प्लग काढायचा.

कॉम्प्रेशन गेज लावून निष्कर्ष काढू नका. या इंजिनाच्या कॅमवर सुरू करताना कॉम्प्रेशन सोडणारी यंत्रणा आहे, त्यामुळे स्टार्टरच्या वेगाला आकडा कमीच येतो आणि चांगलं इंजिनही मेलेलं वाटतं. प्लग परत लावा, फ्लायव्हील हाताने *उलट्या* दिशेने झटक्यात फिरवा. अंगठ्याला जोरात परत ढकलत असेल तर रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक. मऊ लागलं, नुसतंच फिरून गेलं तर कुठेतरी गळती आहे. लीकडाउन टेस्टर (हवा भरून गळती शोधणारा) असेल तर एक्झॉस्टमधून फुस्स म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडायच्या वाटेतून) फुस्स म्हणजे रिंगा.

ऑइल काढा, कापडावर पसरा, उन्हात बघा. चंदेरी चकाकी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे रॉड झिजतोय. लोहचुंबकाला चिकटणारे कण म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. चकचकीत नवं कोरं ऑइल भरलेलं असेल तर मला जास्त शंका येते.

फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. मेन बेअरिंग बॉल बेअरिंग आहेत, खेळ जाणवता कामा नये. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि फ्लायव्हील मागेपुढे जरासं हलवा. फ्लायव्हील हलतंय आणि पिस्टन स्थिर, असा मोकळा खेळ जाणवला तर रॉड ढिला.

होंडाप्रेमी (ओंटारिओ)

मंडळी, पन्नास वर्षांचं इंजिन काढून पंचेचाळीस वर्षांचं बसवताय. नव्याबद्दलही कोणीतरी लिहायला हवं.

जीएक्स-३९० चा बोअर-स्ट्रोक ८८ गुणिले ६४ मिलीमीटर, प्रेडेटर ४२० चा ९० गुणिले ६६. दोन्ही ओव्हरहेड व्हॉल्व्ह, पेट्रोल कमी पितात, थंडीत पटकन सुरू होतात, सुटे भाग सगळीकडे. शाफ्ट एक इंचाचा, फिरायची दिशा कोहलरसारखीच, म्हणजे शाफ्टकडून बघताना घड्याळाच्या उलट. पट्टा जसा होता तसाच फिरेल.

काय काय करावं लागतं ते सांगतो.

शाफ्ट: एक इंचावर तुमची १-१/८ ची पुली बसवायला मध्ये स्लीव्ह लागते, भिंत १/१६ इंच. दोन्ही व्यासांना चावी (शाफ्ट आणि पुलीमधली खुंटी) १/४ इंचाचीच असते, पण स्लीव्हमुळे चावी उंच लागते, नाहीतर पुलीच्या खाचेत ती अर्धीच बसते आणि स्नो ब्लोअर अडकला की गोल होऊन जाते. सरळ साधा उपाय म्हणजे एक इंची बोअरची, त्याच बाहेरच्या व्यासाची नवीन पुली. पट्ट्याचा वेग तोच राहायला हवा, म्हणून बाहेरचा व्यास बदलू नका.

उंची: होंडाच्या पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत १३३ मिलीमीटर. तुमच्या कोहलरची उंची आताच, इंजिन चेसिसवर असतानाच मोजून लिहून ठेवा. फरक जाड प्लेटने भरून काढायचा. पायाची भोकं जुळत नाहीत, त्यामुळे प्लेट तशीही लागतेच. ३/८ इंचाची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट घ्या. पातळ घेतली तर ती डफासारखी वाजते आणि भोकांपाशी चिरते.

पेट्रोल: नवीन इंजिनाची टाकी डोक्यावर असते, हुडखाली ती मावत नाही. ट्रॅक्टरची टाकी कार्ब्युरेटरपेक्षा खाली असेल तर पंप लागेल. या कार्ब्युरेटरची सुई वरून ओघळणाऱ्या पेट्रोलसाठी बनवलेली आहे, दोन-तीन पीएसआयच्या वर दाब दिला की उफाळून येतं. कारचा फ्युएल पंप अजिबात नको.

सायलेन्सर: हा प्रत्येक वेळी हुडच्या पत्र्याला किंवा टाकीच्या बाजूला तोंड करतो. वळवून घ्यावा लागतो, आणि वळवलेली नळी इंजिनालाच आधार देऊन बांधायची, चेसिसला नाही. चेसिसला बांधली तर कंपाने एक्झॉस्टचे स्टड तुटतात.

मिशिगनमिस्त्री

बरोबर आहे सगळं, पण पीटीओ राहिला. व्हील हॉर्सचा हाताने ओढायचा पीटीओ क्लच इंजिनाच्याच शाफ्टवर, पट्ट्याच्या पुलीच्या बाहेर बसतो. शाफ्टची लांबी कमी पडली तर तो अर्धवट टेकतो. प्रेडेटरचा शाफ्ट साडेतीन इंचाच्या आसपास आहे. इंजिन कितीही सरकवलं तरी पट्ट्याची पुली ट्रान्सअ‍ॅक्सलच्या पुलीच्या रेषेतच हवी आणि पीटीओचा पट्टा डेकच्या रेषेत. दोन पट्टे, एकच शाफ्ट. इथे १/८ इंचाची चूक म्हणजे डेकचा पट्टा दर वळणावर उडणार.

दुसरं, हलकं इंजिन हा नेहमी फायदा नसतो. के-३०१ पन्नास किलोच्या आसपास, नवीन तीस-पस्तीस. पुढचं वीसेक किलो कमी झालं की मागे नांगर किंवा टिलर लावल्यावर पुढची चाकं उचलतात. स्नो ब्लोअर पुढे असल्याने हिवाळ्यात जाणवणार नाही, वसंतात जाणवेल.

होंडाप्रेमी

पुढे वजन टांगायला ब्रॅकेट मिळतं. वीस किलोसाठी जुनाट इंजिन पोसायचं का?

मिशिगनमिस्त्री

जुनं इंजिन वजनासाठी नाही, जड फ्लायव्हीलसाठी पोसायचं. ४७६ सीसी, लांब स्ट्रोक, जाड फ्लायव्हील. ओल्या बर्फाच्या ढिगात शिरल्यावर ते आरपीएम धरून ठेवतं. तुमचं ४२० तिथे गव्हर्नरवर ओरडत राहतं. गवत कापायला दोन्ही सारखेच, तिथे मी भांडणार नाही.

वायरिंगवाला

भांडा, पण त्याआधी वाचा. नवीन इंजिन बसवणाऱ्यांची पहिल्याच दिवशी कॉइल जळते, ती या चुकीने.

के-३०१ ला बॅटरी इग्निशन आहे. किल्ली चालू केली की कॉइलला १२ व्होल्ट मिळतात, बंद केली की तुटतात. होंडा, प्रेडेटर यांना मॅग्नेटो आहे, म्हणजे बॅटरीशिवाय फ्लायव्हीलच्या चुंबकावर स्वतः ठिणगी तयार करणारी कॉइल. तिथे उलटं: इंजिन बंद करायचं तर मॅग्नेटोची तार अर्थ करायची, चालू ठेवायचं तर ती मोकळी सोडायची. जुन्या किल्लीची कॉइलकडे जाणारी तार सरळ मॅग्नेटोच्या तारेला जोडली की मॅग्नेटोत १२ व्होल्ट घुसतात आणि कॉइल संपते.

दोन मार्ग आहेत. मॅग्नेटो प्रकारची किल्ली घ्या, तिच्यात बंद असताना एम आणि जी टोकं आतून जोडलेली असतात. किंवा जुनी किल्ली ठेवून पाच पिनांचा साधा गाडीचा रिले लावा. ८६ ला किल्लीकडून येणारी जुनी कॉइलची तार, ८५ अर्थ, ३० ला मॅग्नेटोची तार, ८७ए अर्थ. ८७ रिकामी, तिच्यावर टेप. किल्ली चालू केली की रिले ओढतो आणि मॅग्नेटो मोकळा होतो. बंद केली की सुटतो आणि मॅग्नेटो अर्थ होतो. याचा फायदा असा की त्या तारेत आधीपासून असलेली सुरक्षेची स्विचं न छेडता चालू राहतात. तोटा: बॅटरी पूर्ण मेली तर इंजिन चालणार नाही.

चार्जिंग: जुन्या कोहलरला फ्लायव्हीलखाली स्टेटर आणि बाहेर तीन टोकांचा रेग्युलेटर असतो. कडेची दोन एसी, मधलं बॅटरीकडे. रेग्युलेटरची पेटी स्वतः अर्थ असायलाच हवी, रंगावर बसवली तर चार्ज होत नाही. जुनंच इंजिन बसवणाऱ्यांनीही हे तपासा. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "चार्जिंग आहे का" हे बघणं बंद करा, रेग्युलेटर त्यानेच जातात.

नवीन इंजिनाची चार्जिंग कॉइल लहान असते. दिवे आणि स्टार्टरपुरती ठीक. इलेक्ट्रिक पीटीओ असलेल्या ट्रॅक्टरला पुरेल का ते अँपिअर बघूनच ठरवा. परसदार यांचा पीटीओ हाताचा असल्याने प्रश्न नाही.

ऑइल कमी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असेल तर तो पिवळ्या तारेवर असतो. उतारावर तो उगाच बंद पाडतो म्हणून लोक तार तोडतात. वरची चर्चा वाचल्यावर ती तोडायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

परसदार

वाचून ठरवलं. जवळच एका भंगारातल्या व्हील हॉर्सवर के-३०१एस आहे. उलट फिरवून बघितलं, जोरात परत ढकलतं. ऑइल काळं पण चकाकी नाही. शाफ्ट १-१/८. विकणाऱ्याने ट्रॅक्टर सोडून फक्त इंजिन द्यायचं कबूल केलंय.

पण पुली निघत नाही. फुटलेल्या इंजिनावरचीही नाही आणि त्याच्यावरचीही नाही.

कास्टिंग_कोल्हापूर

सेटस्क्रू दोन असतील. एक दिसतो, दुसरा त्याच्यापासून ९० अंशांवर, नाहीतर पहिल्याच्याच भोकात त्याच्याखाली. एकावर एक दोन घालायची पद्धत आहे, वरचा काढला की लोकांना वाटतं झालं. दोन्ही बाहेर काढा.

मग भेदक तेल भोकातून आणि शाफ्टच्या टोकातून सोडून रात्रभर ठेवा. तीन पायांचा पुलर लावताना पाय पुलीच्या कडेला नको, कड बिडाची असेल तर तुकडा निघतो. बॉसच्या (पुलीच्या मधल्या जाड भागाच्या) मागे धरा किंवा दोन पट्ट्या लावून ओढा. पुलर ताणून ठेवायचा आणि पुलीचा बॉस प्रोपेन टॉर्चने गरम करायचा. पुली प्रसरण पावते, शाफ्ट मागे राहतो. टोकाला मात्र हातोडी मारायची नाही. त्या धक्क्याने आतल्या बेअरिंगमध्ये खड्डे पडतात, आणि महिन्याभराने घुरघुर सुरू झाली की आठवत नाही कशाने.

आधी पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर बाजूला काढून ठेवा. टॉर्च त्याच्यानंतर.

मिशिगनमिस्त्री

इंजिन बाहेर आहे तोवर, म्हणजे समोर सगळं मोकळं आहे तोवर, ही कामं उरका:

१. विकत घेतलेल्या इंजिनाची दोन्ही ऑइल सील बदला. पीटीओ बाजूचं गळलं तर ऑइल पट्ट्यावर जातं. क्रँकवर सील जिथे घासतं तिथे नख फिरवून बघा, खाच पडली असेल तर सील थोडं आत-बाहेर बसवा म्हणजे नव्या जागी घासेल.

२. डोकं उघडा, कार्बन खरवडा, नवीन गॅस्केट. डोकं काचेवर एमरी पेपर ठेवून आठाच्या आकड्यात घासून सपाट करा. बोल्ट तीन टप्प्यांत, आडव्या-उभ्या क्रमाने, शेवटी २५ ते ३० फूट-पौंड. के-सिरीजची डोकी वाकतात, आणि वाकलेल्या डोक्याखाली नवं गॅस्केटही दोन महिन्यांत फुंकून जातं.

३. व्हॉल्व्ह टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारी खुंटी). के-२४१ पासून पुढच्या इंजिनांना जुळवता येणारे टॅपेट आहेत, स्टेम घासत बसावं लागत नाही. थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला: इनटेक ०.००८ ते ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०१७ ते ०.०१९. एक्झॉस्टला कमी ठेवलं तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कडेने जळतो, आणि गरम इंजिन परत सुरू होत नाही. "थंड असताना सुरू होतं, गरम झाल्यावर नाही" या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच कारण.

४. संप उघडून रॉड तपासा. बॅलन्स गिअर असतील तर माझ्या मते काढून टाका. कंप थोडा वाढतो, पण फुटायचं एक कारण कमी होतं. ठेवायचे असतील तर क्रँकच्या गिअरशी त्यांचं टायमिंग जुळवावं लागतं, नुसते सरकवून बसवले तर नसल्यापेक्षा जास्त हादरतं.

५. ट्रान्सअ‍ॅक्सलच्या इनपुट शाफ्टचं सील. आता समोर आहे, नंतर परत पट्टा-पुली काढावी लागेल.

कास्टिंग_कोल्हापूर

रॉड उघडलाच तर हे पाळा. रॉड आणि टोपीवर जुळणीच्या खुणा असतात, त्या एकमेकींसमोर आणि दोन्ही फ्लायव्हीलच्या बाजूला. टोपी उलटी लागली तर डिपर चुकीच्या कोनात जातो आणि ऑइल पुरेसं उडत नाही. प्लास्टिगेज (दाबला जाऊन फट दाखवणारा प्लास्टिकचा धागा) टाकून पिन आणि रॉडमधली फट मापा, ०.००१ ते ०.००२ इंच.

टॉर्क: साध्या कॅपस्क्रूच्या रॉडला २८५ इंच-पौंड, नटवाल्या पोझी-लॉक रॉडला २६०. इंच-पौंड! फूट-पौंड नाही. २८५ ला बाराने भागलं की पावणेचोवीस फूट-पौंड होतात. मोठा टॉर्क पाना या आकड्याला खाली फार ढिसाळ असतो, इंच-पौंडांचा लहान पाना मागून आणा. धाग्यांना आधी ऑइल लावा.

आवळल्यावर रॉड पिनवर हाताने डावी-उजवीकडे सरकला पाहिजे. अडकून बसला असेल तर उघडा, तसाच चालवू नका.

सुगी

टायमिंग? प्लॅटिनम पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) ०.०२० इंच ठेवले की झालं ना?

मिशिगनमिस्त्री

०.०२० फक्त सुरुवातीला. पॉइंट नवीन असतील आणि कॅमपासून येणारी सळी झिजलेली असेल तर ०.०२० वर टायमिंग चुकीचं येतं.

फ्लायव्हीलच्या कव्हरला बघायचं भोक आहे. फ्लायव्हीलवर दोन खुणा: टी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, एस म्हणजे ठिणगी पडायची जागा, टी च्या २० अंश आधी. पॉइंटला येणारी कॉइलची तार सोडवा, मल्टिमीटर सातत्य तपासायच्या बझरवर ठेवून एक टोक पॉइंटला, दुसरं ब्लॉकला. फ्लायव्हील चालायच्या दिशेने सावकाश फिरवा. एस खूण भोकाच्या मध्यावर येते त्याच क्षणी बझर थांबला पाहिजे. आधी थांबला तर फट जास्त आहे, नंतर थांबला तर कमी. स्क्रू ढिला करून केसभर सरकवा, परत फेरा. दोन-चार फेऱ्यांत जमतं. मग फीलर गेज घालून बघा, ०.०१७ येईल किंवा ०.०२२. तुमच्या इंजिनाचा तो आकडा.

प्लगची फट ०.०३५ इंच. पॉइंट बदलताना कंडेन्सरही बदला, पण जुना चांगला असेल तर फेकू नका. हल्लीचे नवीन कंडेन्सर डब्यातून काढल्यावरच मेलेले निघतात.

परसदार

इंजिन बसलं. पुली सरळपट्टी लावून जुळवली. अजून सुरू केलेलं नाही. गव्हर्नरची सळी नेमकी कशी जोडू? आधीची काढताना फोटो काढलेला नाही.

नांगरट

गव्हर्नरच्या दांड्याचा नट ढिला करा, दांडा आडव्या शाफ्टवर मोकळा फिरायला हवा. दांडा कार्ब्युरेटरपासून लांब, जाईल तितका ओढून धरा. तसाच धरून शाफ्टचं टोक पक्कडीने घड्याळाच्या उलट दिशेला अडेपर्यंत फिरवा. त्याच स्थितीत नट आवळा. आता थ्रॉटल पूर्ण उघडं असेल आणि आतली वजनं पूर्ण मिटलेली. वेग वाढला की वजनं उघडतात आणि थ्रॉटल मागे ओढतात.

पहिल्यांदा सुरू करताना एक हात चोकवर, दुसरा किल्लीवर. आवाज चढत जाऊन थांबत नसेल तर लगेच किल्ली बंद. दोन्ही सळ्या कार्ब्युरेटरला योग्य भोकात आहेत का ते परत बघा. टॅकोमीटर लावून पूर्ण थ्रॉटलवर ३६०० च्या वर जाऊ देऊ नका. कानाने अंदाज नको.

होंडाप्रेमी

अभिनंदन. फुटलेल्याचा कार्ब्युरेटर विकणार असाल तर सांगा.

परसदार

होंडावाल्याला कोहलरचा कार्ब्युरेटर कशाला?

होंडाप्रेमी

शेजाऱ्याकडे के-३०१ आहे.

मिशिगनमिस्त्री

परसदार, सुरू करायच्या आधी प्लग काढून, कॉइलची तार सोडवून स्टार्टरने पंधरा-वीस सेकंद फिरवा, थांबत थांबत, म्हणजे डिपर सगळीकडे ऑइल पोचवेल. ऑइल एसएई ३०, दोन क्वार्ट, पण मापून ओतण्यापेक्षा डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर थांबा, पॅननुसार थोडं कमी-जास्त होतं.

रिंगा नवीन घातल्या असतील तर बराच वेळ आयडलवर ठेवू नका. रिंगा भाराखाली बसतात. दहा मिनिटं गरम करून सरळ गवतात घाला, थ्रॉटल पूर्ण, भार कधी जास्त कधी कमी. कमी वेगाला शिंतोडेही कमी उडतात आणि पंख्याची हवाही कमी येते, त्यामुळे अर्ध्या थ्रॉटलवर जड काम घेणं हे या इंजिनाला सगळ्यात वाईट. पत्र्याची सगळी कव्हरं परत लावलीत ना? डोक्यावरचं कव्हर राहिलं तर हवा थंड करणाऱ्या फिनांवरून न जाता बाजूने निघून जाते.

पहिलं ऑइल पाच तासांनी बदला. काढलेलं ऑइल कापडातून गाळा आणि काय निघालं ते इथे टाका.